ताईची जुनी डिस्क

सेंटरमध्ये सगळे त्याला वैद्य म्हणत. सेंटर म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीचं, कंपनीचं अधिकृत. चष्म्याच्या दुकानावरचा मजला, जिना चढून आलं की काचेचं दार, आत टोकनचं यंत्र, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांच्यापुढे काउंटर. त्या काउंटरमागे उभा राहून तो लोकांचे लॅपटॉप कानाला लावायचा, नाडी बघावी तसे डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, "पंखा ठीक आहे. डिस्क चाललीय." चाललीय म्हणजे निघाली हे जग सोडून. नव्या माणसाला ते कळत नसे. तो खूश होऊन म्हणायचा, "चाललीय ना? मग अडलंय कुठे?" मग त्याला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, पुन्हा सगळं समजावून सांगावं लागे.

हा वैद्य ताईच्या घरी गेला की बारक्या व्हायचा. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, जिना चढताना मधल्या वळणावर दम खाणारा हा माणूस तिच्या लेखी अजून बारक्याच होता. वडील लवकर गेले. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात पाळ्या करायची, त्यामुळे त्याला शाळेत सोडणारी, त्याच्या शर्टाची बटणं लावणारी आणि त्याने रेडिओ खोलून ठेवला की आईपासून तो लपवणारी ताईच. शाळा संपते न संपते तोच ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली. "नंबर सांगा" आणि "थांबा, जोडून देते" एवढ्यावर तिने घर चालवलं, त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सला घातलं. स्वतःच्या लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आयुष्यभर दुसऱ्यांची जोडून दिली, माझा नंबर लावायचा राहून गेला." आणि स्वतःच हसायची.

आवाज मात्र तिचा असा की, चुकीचा नंबर लागला तरी माणूस फोन ठेवायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाला काम मिळालं. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देणारी एक संस्था होती, तिथे तिने नाव नोंदवलं. घरातली सामानाची छोटी खोली तिने रिकामी केली, भिंतींना जाड रजया टांगल्या, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये. मध्ये एक टेबल, टेबलावर दिवा, माइक आणि लॅपटॉप. रोज दुपारी ती त्या खोलीत जाऊन बसायची आणि वाचायची. भूगोल, पशुवैद्यक, एकदा तर मधमाश्या पाळण्याचं पुस्तक. ते वाचून झाल्यावर महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला राणीमाशीच्या गोष्टी सांगत होती.

लॅपटॉप बारक्यानेच आणून दिला होता. सेंटरच्या लोकांना सवलतीत मिळतात, त्यातला.

आणि त्यातच सगळी गोम होती. त्या मॉडेलच्या ठरावीक काळात विकल्या गेलेल्या लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्क वेळेआधीच मरू लागल्या. आधी टक् टक् असा बारीक आवाज, मग मशीन अडखळायचं आणि एक दिवस सगळं ठप्प. तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने जाहीर केलं की, या मॉडेलवाल्यांना, वॉरंटी संपली असली तरी, डिस्क फुकट बदलून मिळेल. अट एकच, खराब झालेली डिस्क कंपनीला परत जाणार. जुनी डिस्क स्वतःकडे ठेवायची असेल, तिच्यातून काही काढून घ्यायचा प्रयत्न करायचा असेल, तर नवी आपल्या पैशाने घ्यावी लागेल. वैद्य हे सगळं रोज गिऱ्हाइकांना एका दमात सांगायचा, आकाशवाणी झाल्यासारखं. कुणी रडायचं. कुणी ओरडायचं. एका गृहस्थाने तर त्याच्यासमोर लॅपटॉप आपटला होता आणि मग स्वतःच खाली बसून तुकडे गोळा केले होते.

जाहीर झालं त्याच दिवशी त्याच्या मनात आलं होतं, अरे, ताईचाही यातलाच. पण तेवढ्यात पुढचं टोकन पुकारलं गेलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "बारक्या, हा टकटक करायला लागलाय रे. मध्येच करतो, मध्येच गप्प बसतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतंय ते."

तिने फोन लॅपटॉपजवळ नेला. त्याने ऐकलं. रोज ऐकत होता तोच आवाज. एका क्षणात ओळखला.

"बघतो," तो म्हणाला. "रविवारी येतो ना."

रविवारी त्याच्या बायकोची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी असायची, म्हणून जेवायला तो ताईकडे. त्या रविवारी ताई म्हणाली, "बघ ना जरा." तो म्हणाला, "जेवू तर दे." जेवल्यावर सोफ्यावर आडवा झाला तो चहालाच उठला. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "सेंटरला आणून दे, लगेच करून देतो." त्यावर ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या भावाकडे मी टोकन घेऊन बसू?" दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला. त्यानंतर त्याने एक बाहेरची डिस्क आणायचं कबूल केलं. तिच्यावर सगळं उतरवून ठेवू, मग हा लॅपटॉप उघडू. ती डिस्क त्याच्या सेंटरच्या खणात कोरी करकरीत पडून होती. शनिवारी निघताना ती पिशवीत टाकायची तेवढी राहायची.

तो काही वाईट माणूस नव्हता. उलट शेजाऱ्यांची मशीनं तो फुकट बघून द्यायचा, नाही म्हणता यायचं नाही म्हणून. पण आठवडाभर लोकांच्या मेलेल्या डिस्का हाताळून तो इतका विटलेला असे की, ताईच्या घरात पाय टाकला की त्याला वैद्य व्हायचं नसे. तिथे त्याला ताटावर बसायचं असे, "किती रे खातोस" हे ऐकून घ्यायचं असे. त्या रजयांच्या खोलीकडे तो चक्क कानाडोळा करायचा. आणि ताई मागे लागणारी नव्हती. तिने आयुष्यात कुणाच्या मागे लागून काही मागितलं नव्हतं, त्याच्या तर नाहीच.

एका बुधवारी दुपारी त्याने टोकन पुकारलं आणि समोर ताई उभी. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप, तान्हं बाळ आणावं तसा छातीशी धरलेला. तिने खरंच टोकन घेतलं होतं, खरंच रांगेत बसली होती आणि इतका वेळ त्याला दिसलीही नव्हती.

"अगं, फोन तरी करायचास."

"तू कामात असतोस." तिने टॉवेल उलगडला. "सकाळपासून उघडतच नाही. काळा पडदा आणि हे."

टक्. टक्. टक्. आता कान लावायचीही गरज नव्हती.

"काय काय होतं यात?" त्याने विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा.

"वकीलबाईचं पुस्तक होतं. थोडंच राहिलं होतं रे."

वकीलबाई हे ताईनेच ठेवलेलं नाव. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक जन्मांध मुलगी. तिला कराराच्या कायद्याचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं आणि ते ऐकू येईल अशा रूपात कुठेच मिळत नव्हतं. ताई कित्येक महिने ते वाचत होती. अवघड शब्द आला की आधी तो पाच-सहा वेळा मनाशी म्हणून बघायची. सगळं एकदम द्यायचं, तुकडे नकोत, असं तिचं म्हणणं होतं.

वैद्य लॅपटॉप आत घेऊन गेला. डिस्क बाहेर काढून, केबलला लावून त्याने पाहिलं. मशीनला ती दिसतही नव्हती. तो ती हातात धरून तसाच उभा राहिला. खणात कोरी डिस्क होती, दोन हातांवर.

त्या वेळी त्याला काय माहीत होतं, हे इथे नीट सांगितलं पाहिजे. अशा डिस्कमधून माहिती काढणाऱ्या प्रयोगशाळा असतात, हे त्याला माहीत होतं. धुळीचा कण नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात, बिघडलेला भाग बदलतात आणि पुष्कळदा बरंच काही हाती लागतं. महाग असतं, खात्री नसते, पण असतं. गिऱ्हाइकांना तो रोज सांगत होता. आणि ताईने ती डिस्क घरी नेली असती, चार लोकांना विचारलं असतं, प्रयोगशाळेच्या माणसाने म्हटलं असतं की, आवाज सुरू झाला तेव्हाच का नाही आणलंत, तर ताईने खरं ते सांगितलं असतं. भावाला सांगितलं होतं. हे सगळं त्याच्या डोक्यात इतकं स्पष्ट, वाक्यावाक्याने आलं असं नाही. त्याला फक्त ती डिस्क डोळ्यांसमोरून घालवायची होती.

तो बाहेर आला आणि म्हणाला, "गेली गं. यातून आता काही निघणार नाही."

ताईने मान हलवली. "काहीच नाही?"

"काहीच नाही. पण नवी डिस्क फुकट मिळेल. तुझं मॉडेल कंपनीच्या योजनेत बसतं."

"फुकट? मग तेवढं तरी बरं झालं." तिने टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, "जुनी मला नाही मिळणार?"

"नियम आहे. जुनी परत पाठवावी लागते. आणि ठेवून काय करणार आहेस तू?"

मागच्या रांगेतल्या माणसाने हेच विचारलं असतं, तर वैद्याने दोन्ही पर्याय सांगितले असते. ताईला एकच सांगितला. तिने सही केली. ती सही करत असताना तो कॅलेंडरकडे बघत होता. त्याच दुपारी त्याने नवी डिस्क बसवली, जुनी चांदीच्या रंगाच्या पिशवीत घातली आणि परतीच्या खोक्यात टाकली. खोक्याचं झाकण लावल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. नंतर त्याला सर्वात जास्त लाज वाटली ती या जीव भांड्यात पडण्याची.

रविवारी तो गेला, तेव्हा वकीलबाई आलेली होती. पांढरी काठी दाराशी उभी केलेली, स्वतः ताठ बसलेली, पोरगेलासा चेहरा आणि बोलणं मात्र कोर्टात उभं राहिल्यासारखं. पुस्तक गेल्याचं ऐकून ती ताईला धीर द्यायला आली होती. ताई तिला सांगत होती की, काळजी करू नकोस, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय.

"टकटक आवाज येत होता ना?" वकीलबाईने त्याच्या दिशेने तोंड वळवून विचारलं. "माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीचीही तशीच गेली होती. एका प्रयोगशाळेत दिली तिने. जवळजवळ सगळं परत मिळालं. तुमच्या सेंटरमध्ये सांगत नाहीत का असं?"

"सांगतो की," तो म्हणाला. "म्हणजे... सांगतो. पण प्रत्येक डिस्क वेगळी असते."

"हो, ते असेल," ती म्हणाली.

ताई स्वयंपाकघरात ताटं घेत होती. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही आणि ताईनेही आग्रह केला नाही.

सोमवारी सेंटर उघडायच्या आधी तो पोचला. परतीचं खोकं रिकामं होतं. शनिवारच्या गाडीने माल गेला होता. त्याने कंपनीच्या गोदामात फोन लावला. फोनवरच्या बाईने डिस्कचा नंबर लिहून घेतला, जरा थांबायला सांगितलं. पलीकडे कुणीतरी रेडिओ लावला होता. ती परत आली.

"आली होती हो, पण झालं तिचं."

"झालं म्हणजे?"

"आल्या आल्या मशीनमध्ये घालतो आम्ही. मधोमध भोक पाडतं. लोकांची माहिती असते ना, कुणाच्या हाती लागू नये म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "कुणाची होती?"

"गिऱ्हाइकाची," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याचं कामात लक्ष लागेना. कुणी टकटकणारा लॅपटॉप घेऊन आलं की, तो त्याला बाजूला बसवून इतकं सविस्तर सांगू लागला की, रांग जिन्यापर्यंत जाऊ लागली. जुनी डिस्क ठेवायची का, विचार करा, घरी विचारा, उद्या या, घाई करू नका. सेंटरचे साहेब म्हणाले, "वैद्यबुवा, आपण डिस्क बदलतोय की स्थळ बघतोय?" सगळे हसले. तोही हसला, पण त्याला ते लागलं.

पुढच्या रविवारी त्याने ताईला सर्दी झाल्याचं कळवलं. त्याच्या पुढच्या रविवारी सेंटरमध्ये जादा काम निघाल्याचं. घरी एकटाच बसून त्याने पाव आणि अंडी खाल्ली. बायको म्हणाली, "भांडलात का दोघं?" तो म्हणाला, "छे, ताईशी कोण भांडेल?" आणि ते खरं होतं. ताईचा फोन वाजला की, तो पडद्यावरचं नाव बघत बसायचा, वाजायचा थांबेपर्यंत.

शेवटी एका दुपारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. खणातली कोरी डिस्क पिशवीत घेऊन. ती देऊन काय उपयोग होता कोण जाणे, पण रिकाम्या हाताने जाववेना.

दार ताईनेच उघडलं. तिचा आवाज पार बसला होता. गळ्याभोवती मफलर, हातात कोमट पाण्याचा पेला. "आलास?" ती म्हणाली. "माझा फोन बिघडलाय की तुझा?"

तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. पिशवी मांडीवरच होती.

"ताई, ती डिस्क... तुला ठेवता आली असती."

ती गॅसवर चहा ठेवत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"म्हणजे?"

"नवी विकत घेतली असती, तर जुनी आपल्याकडे राहिली असती. वकीलबाई म्हणाली तशी प्रयोगशाळेत देता आली असती. निघालं असतं कदाचित. मी फोन केला होता गोदामात, पण तिथे नष्ट करतात. केली."

"हे तुला माहीत होतं तेव्हा?"

"हो."

"मी समोर उभी होते तेव्हा?"

"हो."

"आणि आधीपासून तुला कळलं होतं, ती जाणार म्हणून? फोनवर ऐकवलं होतं मी तुला."

"तेव्हाच कळलं होतं."

ताईने गॅस बंद केला. चहा उकळायचा होता अजून. ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्याला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली तर बरंच होईल.

"पुस्तकाचं काही नाही," ती शेवटी म्हणाली. आवाज फुटत होता, पण तो घशामुळे की आणखी कशामुळे, ते त्याला कळेना. "पुस्तक पुन्हा वाचता येतं. त्यात आई होती रे."

त्याला काही उमगलं नाही. आई शेवटची वर्षं ताईकडे होती, हे खरं. पण आईचा आणि डिस्कचा काय संबंध?

"मी आत वाचत बसले की ती मध्येच दार उघडून यायची. तिला कुठे कळायचं रेकॉर्डिंग म्हणजे काय ते. 'अगं, दूध उतू चाललंय.' 'अगं, बारक्या आलाय का? चपला दिसल्या मला.' एकदा तर आत येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, वाच, मी ऐकते. आणि तिथेच घोरायला लागली." ताई किंचित हसली आणि तिचं हसू अर्ध्यावरच गेलं. "मी ते तुकडे कापून काढायची. कापायची, पण टाकायची नाही. 'चुका' म्हणून एक फोल्डर केलं होतं, त्यात ठेवायची. ती गेल्यावर कधी कधी लावायची."

"फोनवर वगैरे... कुठे दुसरीकडे?"

"मला कुठे येतं ते? तू बाहेरची डिस्क आणणार होतास ना."

त्याने पिशवीवरचा हात काढून घेतला. आईच्या तोंडी आपलं नाव होतं, ते आपण कधी ऐकलंही नाही आणि आता कुणीच ऐकणार नाही, हे त्याच्या आत हळूहळू उतरत गेलं. त्याला माफी मागायची होती, पण त्या शब्दाची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "ताई, मी..."

"आज जा तू," ती म्हणाली. "मला आज तुझ्याशी बोलवत नाही."

आजवर ताईने त्याला उपाशी घराबाहेर पाठवलं नव्हतं. त्या दिवशी तो चहा न घेता जिना उतरला. कोरी डिस्क मात्र त्याने चपलांच्या कपाटावर ठेवली, कारण ती परत घरी नेणं त्याच्याच्याने होईना.

आठवडा-दोन आठवडे असेच गेले. मग एके सकाळी फोन आला. ताईच्या आवाजात ना राग होता ना माया, एक्सचेंजमध्ये बोलायची तसं ती बोलली. "वकीलबाईची परीक्षा तोंडावर आलीय. डॉक्टरांनी माझं बोलणं बंद केलंय. पुस्तकाला वाचणारं माणूस पाहिजे. संध्याकाळी सुटलास की ये."

"मी? मला कुठे वाचता येतं तसं?"

"शाळेत घातलं होतं ना तुला?"

तो गेला. रजयांच्या त्या खोलीत तो पहिल्यांदाच नीट बसला. गरम व्हायचं, घाम यायचा. ताई शेजारी पाटी घेऊन बसायची आणि बोलता येत नसल्यामुळे पाटीवर लिहून रागवायची. 'हळू.' 'स्वल्पविराम खाल्लास.' 'प्रस्ताव, परस्ताव नाही.' एकदा त्याने एक लांबलचक वाक्य एका श्वासात ओढलं, तेव्हा तिने नुसता एक मासा काढून दाखवला, पाण्याबाहेर तोंड उघडलेला. त्याला हसू फुटलं, रेकॉर्डिंग बिघडलं. तिच्याही चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं, पण ते तिने पाटी पुसता पुसता पुसून टाकलं.

रोजचं रोज काम झालं की, तो ते बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा आणि वकीलबाईला लगेच पाठवायचा. आता एकदम द्यायचं नाही, तुकड्यातुकड्यानेच, असं त्यानेच ठरवलं होतं.

चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं की, जी गोष्ट समोरच्याला सांगणं आपलं कर्तव्य आहे, ती माहीत असून न सांगणं हीसुद्धा फसवणूकच, आणि अशा फसवणुकीने मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे. ते वाचताना त्याने वेग वाढवला. ताई भिंतीवरच्या रजईकडे बघत होती. त्याने प्रकरण कसंबसं उरकलं. दुसऱ्या दिवशी वकीलबाईचा निरोप आला. "दादांचं वाचन थोडं रुक्ष आहे, पण कळतं. फक्त चौथं प्रकरण इतकं भरभर का वाचलंय? तेच परीक्षेला येतं."

ताईने निरोप ऐकला आणि पुस्तक उघडून चौथं प्रकरण त्याच्यासमोर ठेवलं. तिने पाटीवर काही लिहिलं नाही. त्याने ते पुन्हा वाचलं, हळू, शब्दन् शब्द. वाचून झाल्यावर ती उठून बाहेर गेली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

पुस्तक परीक्षेच्या आधी पुरं झालं. निकाल लागला त्या दिवशी वकीलबाई मिठाई घेऊन आली. ताईचा घसा तोवर बरा झाला होता, पूर्वीसारखा नाही, थोडा खरखरीत. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे बंधू किती करतात हो तुमच्यासाठी. हल्ली कोण बसतं असं?"

"करतो," ताई म्हणाली आणि मिठाईचं ताट त्याच्यापुढे धरलं. एवढंच. त्याने एक तुकडा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. ती एका वाक्यात सगळं सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही आणि ते त्याला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

वकीलबाईला बसथांब्यापर्यंत सोडायला तो खाली उतरला. तिने त्याचा कोपर धरला होता. मधल्या वळणावर तो दम खायला थांबला आणि तिथेच त्याने तिला सांगून टाकलं. टकटक, रविवार, सही, गोदाम, सगळं. फक्त आईच्या तुकड्यांबद्दल सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की, ती म्हणाली, "जरा मोठ्याने बोला, मला ऐकायला येत नाही."

त्याने पुन्हा सांगितलं.

तिने त्याचा कोपर सोडला. "मला का सांगताय हे?"

"पुस्तक तुमचं होतं ना."

"पुस्तक मला मिळालं. उशिरा मिळालं, त्याचा मला राग आला होता, तो आता नाही." ती कठडा चाचपत एक पायरी उतरली. "बाकीचं माझं नव्हतंच, दादा. ते मी कसं माफ करणार?"

"माफ करा म्हणून नाही सांगितलं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "चला, बस जाईल."

बस आली. तो तिला बसवून, दार बंद होईपर्यंत थांबला. मग पुन्हा जिना चढून वर आला. काकू गेल्या होत्या. ताई मोरीवर कप विसळत होती.

"नीट बसली ना?"

"बसली. तिला सांगितलं मी सगळं."

ताईने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी असं सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते त्याला धडपणे कळलं नाही, आणि कळलं असतं तरी ते आपल्या वाट्याचं आहे असं मानायची त्याची हिंमत झाली नसती.

"संस्थेकडून नवीन पुस्तक आलंय," ती म्हणाली. "झाडांच्या रोगांचं. मला आता सलग वाचवत नाही. निम्मं तू घेशील?"

"घेईन," तो म्हणाला आणि ओले कप पुसायला त्याने फडकं हातात घेतलं.